अण्णा कुठे उभे असायचे? वडिलांच्या आठवणींची पुस्तिका कशी करावी

कराडात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची आमंत्रणं आणि श्रद्धांजलीचे फलक, सगळं तेवीस वर्षं माझ्या हातून जातंय. गाव लहान, त्यामुळे फलकावरचा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. घरातला मुलगा नाहीतर पुतण्या फोटो घेऊन येतो, डोळे सुजलेले असतात, आणि म्हणतो, "ताई, तुम्हीच काहीतरी चांगलं लिहा." मग मी लिहिते: मनमिळाऊ, अजातशत्रू, धडाडीचे, परोपकारी. यातला एकही शब्द खोटा नसतो. पण हेच चार शब्द उचलून शेजारच्या फलकावर ठेवले तरी कुणाला फरक कळणार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये माझे वडील गेले आणि तोच कोरा फलक माझ्यासमोर उघडा राहिला. अण्णा तरुणपणी कबड्डी खेळले, एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि हयातभर पेठेची कामं करत राहिले. मला त्यांच्या नावाखाली एक ओळ सुचेना. शेवटी मी फक्त नाव आणि दोन तारखा टाकल्या. पुढचं वर्षभर फिरून अठ्ठेचाळीस पानांची एक पुस्तिका केली आणि वर्षश्राद्धाला वाटली. तेव्हापासून दुकानात येणारी माणसं विचारतात, आम्हालाही आमच्या वडिलांचं असं करायचंय, सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणं होत नाही, म्हणून हे सविस्तर.

तेरा दिवसांतली वही

सुरुवात त्याच दिवसांत करायची. निर्दय वाटेल, पण माणसं तेव्हाच बोलतात. भेटायला येणारा प्रत्येक जण सतरंजीवर टेकला की एक तरी गोष्ट सांगतो, आणि तेरावा झाला की तोच माणूस रस्त्यात भेटल्यावर "बरंय ना सगळं?" एवढंच विचारतो. घरातल्या एकाला, शक्यतो रडून मोकळं झालेल्याला, दोनशे पानी वही घेऊन कोपऱ्यात बसवा. गोष्ट पूर्ण लिहायची नाही. सांगणाऱ्याचं नाव, गाव, फोन नंबर आणि गोष्टीतले चार शब्द. माझ्या भाचीने लिहिलेल्या वहीत अशा ओळी आहेत: "ढेबेवाडीचे आजोबा, सुट्टे पैसे, पाऊस." एवढ्याशा ओळीवरून मी पुढे पावसाळ्यात त्यांच्या घरी गेले आणि दोन पानांचा मजकूर घेऊन आले.

सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे सगळ्यात आधी जा. मी हे केलं नाही. अण्णांच्या कबड्डी संघातला एक गडी गिरणीत नोकरीला होता, १९८२ च्या संपानंतर गावी परत आला आणि शेती करू लागला. माझ्या दुकानापासून त्यांचं घर सात किलोमीटरवर. चार महिने मी "या रविवारी नाही, पुढच्या रविवारी" करत राहिले. मे महिन्यात त्यांच्याच फलकाचं काम माझ्याकडे आलं. १९६८ ते १९७१ ही अण्णांची खेळातली ऐन भराची वर्षं. त्या वर्षांबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तिकेत त्या चार वर्षांना अर्धं पान आहे.

"कसे होते?" विचारू नका

पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांना विचारत होते, "अण्णा कसे होते हो?" उत्तर एकच यायचं: "देवमाणूस." त्यापुढे गाडी सरकायची नाही, कारण प्रश्नातच मी मत मागत होते आणि मेलेल्या माणसाबद्दल मत एकच असतं.

मग ओगलेवाडीला अण्णांच्या संघातल्या एका जुन्या चढाईपटूकडे गेले. वय ऐंशीच्या घरात, ऐकायला कमी येतं. मी सवयीने तेच विचारलं. त्यांना "कुठं होते" असं ऐकू आलं असावं. म्हणाले, "कुठं म्हंजे? डाव्या कोपऱ्याला. तुझा बा कायम डाव्या कोपऱ्याला. रेडर आत आला की बाकीचे हालायचे, ह्यो हालायचा न्हाई. पाय यीस्तोवर थांबायचा."

आणि मग ते खुर्चीतून उठले. अंगणात खेळणाऱ्या नातवाला हाक मारली, त्याला चढाईला ये म्हणाले. स्वतः गुडघे वाकवून, एक हात खाली सोडून उभे राहिले. पोरगं हसत हसत पुढे आलं, पाय टाकला, आणि आजोबांनी एक हात टाचेच्या वर, दुसरा पुढून, खांदा नडगीला लावून त्याला अलगद जमिनीवर बसवलं. ऐंशीच्या माणसाने. धाप लागली होती, पण पकड सुटली नव्हती. तसंच धरून मला म्हणाले, "ह्यात करंगळी बाहेर राहिली की संपलं. तुझ्या बापाची तिथंच गेली."

अण्णांची उजव्या हाताची करंगळी वाकायची नाही. चहाचा पेला धरला की ती बाहेर ताठ असायची, तिकिटाला पंच मारतानाही. लहानपणी आम्ही बहिणी त्या बोटाला धरून बाजारात जायचो, कारण ते बोट दुमडत नसे, हात निसटत नसे. ते मोडलेलं बोट आहे हे मला पन्नाशीत कळलं.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला: अण्णा कुठे उभे असायचे? तुमच्या लग्नात कुठे होते? पूर आला तेव्हा? सभेत? हा प्रश्न विचारला की माणूस डोळे मिटतो, जागा आठवतो, आणि जागा आठवली की तिथली बाकीची माणसं, हातातली वस्तू, हवा, सगळं पाठोपाठ येतं. भंडाऱ्यात ते वाढायला कधीच नसत, हात धुवायच्या पाण्याच्या पिंपापाशी असत. अंत्ययात्रेत तिरडी बांधायला ते, आणि निघताना मागचा डावा खांदा त्यांचा. २००५ च्या पुरात नदीकाठच्या वस्तीतून माणसं काढताना दोराचं टोक धरून घाटाच्या वरच्या पायरीवर, नुकतेच निवृत्त झालेले. ही सगळी माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. प्रत्येकाने मला त्यांना कडेलाच दाखवलं.

तुमच्या वडिलांची जागा वेगळी असेल. ती शोधा. कुणी पुढे माइकपाशी असतो, कुणी ट्रकवर चढून पोती खाली देतो. तेही तितकंच खरं आहे.

आवाज जपून ठेवा

भेटीला जाताना हातात एक वस्तू न्या. फोटो, जुनं पदक, काहीही. मी अण्णांचा तिकिटाचा पंच नेत असे. माणसं तो हातात घेऊन टकटक वाजवत आणि बोलायला लागत.

फोनवरच्या रेकॉर्डरने काम भागतं. फोन टेबलावर तसाच ठेवला तर पेला ठेवल्याचा आवाज बॉम्ब फुटल्यासारखा येतो. खाली दुमडलेला टॉवेल ठेवा. पंखा बंद करा, निदान आपल्या बाजूचा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि समोरच्याचं नाव बोला. रेकॉर्ड करू का, हे आधी विचारा. घरी आल्यावर त्याच रात्री फाईलला नाव द्या, तारीख आधी आणि माणूस नंतर, आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. म्हातारी माणसं थकतात, पण सांगत नाहीत. दुसऱ्या खेपेला जास्त मिळतं, कारण मधल्या आठवड्यात ती रात्री जागून आठवत असतात.

साल कसं लावायचं

हा भाग सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेला. "अण्णा संघात कधी आले?" या प्रश्नाला कुणी १९६५ असं उत्तर देत नाही. पण "भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारलं की लगेच सांगतात. आमच्या भागात भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. संघातली चार पोरं, त्यांत अण्णाही, त्याच दिवशी एका ट्रकमधून पाटणच्या बाजूला गेली, घरांचे दगड उपसायला. म्हणजे तेव्हा ते संघात होते. एक खुंटा मिळाला.

असे खुंटे आधीच एका कागदावर लिहून काढा. आमच्याकडचे हे: १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची बैलगाड्यांची मिरवणूक. १९६७ चा भूकंप. १९७२ चा दुष्काळ आणि तेव्हाची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. १९८२ चा गिरणी संप. १९८४, ज्या साली ऑगस्टमध्ये खाशाबा अपघातात गेले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण; यशवंतरावांचे अंत्यसंस्कार इथल्या प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या संगमावर, झाले. १९९०, बीजिंगचं एशियाड, जिथे कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि सुवर्ण आपल्याला मिळालं. त्या दिवशी अण्णांनी डेपोत पेढे वाटले होते, हे तिघांनी वेगवेगळं सांगितलं. २००५ आणि २०१९ चे पूर. तुमच्या गावाचे खुंटे तुमचे असतील. धरण भरलं ते वर्ष, शाळा जळाली ते, वीज आली ते.

एक सावधगिरी. कराडातल्या त्या वयाच्या प्रत्येक माणसाने खाशाबांची मिरवणूक बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेली असते. अण्णांनीही. आजी तसं सांगायची, अण्णा तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे. मी पुस्तिकेत "अण्णांनी पाहिली" असं लिहिलं नाही, "पाहिली असं आजी सांगायची" असं लिहिलं. ऐकलेलं आणि सापडलेलं यातला फरक वाक्यातच दिसला पाहिजे. त्याने गोष्ट कमी होत नाही; उलट आजीही पानावर येते.

जन्मतारखेचंही तसंच. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा जन्म कागदावर १ जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकत. अण्णांच्या दाखल्यावर १ जून १९४६ आहे. आजी म्हणायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाचा, आणि जळिताच्या वर्षी नुकता चालायला लागला होता. जळित म्हणजे १९४८ च्या सुरुवातीचं, गांधीहत्येनंतर घरं जाळली गेली ते. दोन्ही जुळवलं तर साल १९४६ बरोबर दिसतं, दिवस चुकीचा. खेड्यात जन्म असेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल मागून पाहा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना चौदा. शहरात असेल तर नगरपरिषदेची जन्म नोंदवही. खूप जुनी पानं मोडीत असू शकतात, वाचणारा बरोबर न्या.

कागद, आणि कागद नसलेले कागद

अण्णांच्या ट्रंकेत प्रमाणपत्रं तीनच निघाली, त्यातलं एक वाळवीने अर्धं खाल्लेलं. मी हताश झाले होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बक्षिसं बघायची असली तर फडताळात बघ." तेव्हाच्या स्पर्धांत संघाला ढाल मिळायची आणि खेळाडूंना भांडी. आमच्या घरातला तांदळाच्या पिठाचा स्टीलचा डबा, दोन तांबे आणि एक घागर ही अण्णांची पदकं होती. मी त्याच डब्यातलं पीठ चाळीस वर्षं भाकरीला घेत होते.

भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव घासून घासून पुसट होतं. ते वाचायची युक्ती आईनेच दाखवली. भांडं कोरडं करायचं, कोरलेल्या जागी चिमूटभर पीठ बोटाने चोळायचं आणि वरचं हलक्या फडक्याने पुसायचं. ठिपक्यांत पीठ अडकून राहतं आणि अक्षरं पांढरी उठतात. मग खोली अंधारी करून टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरून फोटो काढायचा. घागरीवर उठलं: "कबड्डी, द्वितीय, १९६९". खाली गावाचं नाव होतं, त्याची शेवटची दोन अक्षरं झिजली होती. मी ते तसंच, दोन टिंबं देऊन छापलं.

दुसरा खजिना एका रेक्झिनच्या पिशवीत होता. अण्णा कधी निवडून आले नाहीत, उभेही राहिले नाहीत, पण पेठेच्या प्रत्येक अडचणीचा अर्ज ते लिहायचे आणि कार्बन कॉपी ठेवायचे. एकोणीस अर्ज. "मा. मुख्याधिकारी साहेब यांचे सेवेशी" इथून सुरुवात. गटाराचं झाकण, कोपऱ्यावरचा दिवा, सार्वजनिक नळ, घाटावरच्या निसरड्या पायऱ्या, शाळेसमोरचा गतिरोधक. प्रत्येकावर आवक क्रमांकाचा शिक्का, कारण शिक्का घेतल्याशिवाय ते खिडकीवरून हलत नसत. तुमच्या घरात असे अर्ज असतील तर फेकू नका. समाजकार्याची आवड होती हे वाक्य वाचणारा विसरेल. नळासाठी त्यांनी चार वर्षांत पाच अर्ज केले आणि पाचव्याला नळ आला, हे विसरणार नाही.

नळाचा ठराव कुठे झाला ते पाहावं म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत तीस दिवस, पानाला दोन रुपये. सभेच्या इतिवृत्ताच्या नकला मागताना सर्व सभा असं मागू नका. साल आणि विषय नेमका लिहा, नाहीतर उत्तर येत नाही. आणि आलेल्या नकलेत ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं असतात ती बघा. त्या घरांतही गोष्टी असतात. मला दोनपैकी एका वर्षाच्या वहीबद्दल "जीर्ण झाल्याने उपलब्ध नाही" असं उत्तर आलं. वाईट वाटलं. पण दुसरी वही मिळाली, आणि सूचकांच्या मुलीकडून नळाच्या पहिल्या दिवशीच्या नारळाची गोष्टही.

नोकरीचं सेवापुस्तक, पेन्शनचे कागद, लग्नाची पत्रिका, रेशनकार्ड हे तर आहेच. तिथे जास्त वेळ घालवू नका. तारखा घ्या आणि पुढे चला.

फोटो

याबद्दल मी रोज दुकानात भांडते, म्हणून जरा विस्ताराने. काळ्या कागदाच्या जुन्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. मोबाईलने काढलेला फोटोचा फोटो ट्यूबलाइटची चमक घेतो आणि छापल्यावर चेहरा पांढरा पडतो. साधा फ्लॅटबेड स्कॅनर, छोट्या फोटोला ६०० डीपीआय, आणि मूळ फाईल टिफमध्ये ठेवा. नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, वळ पुढे उठतो. मऊ पेन्सिलीने, कडेला.

संघाचा समूहफोटो मिळाला तर त्याची मोठी प्रत काढून प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि ती प्रत घेऊन फिरा. आमच्या फोटोत बारा जण होते. अकरा नावं मिळाली. बारावा, उजवीकडे खाली मांडी घालून बसलेला, छापेपर्यंत कुणाला आठवला नाही. फोटोखाली मी अकरा नावं आणि बाराव्या जागी रिकामी रेघ छापली.

आणि कृपा करून जुना फोटो गोरा करू नका. मुलं येतात, म्हणतात, "ताई, डाग काढा, थोडं उजळवा, मागे ढग टाका." फाटलेली घडी भरून काढावी, एवढंच. अण्णांच्या मैदानातल्या फोटोत गुडघ्यापर्यंत माती आहे. तेव्हा मॅट नव्हती, सगळा खेळ मातीतला. ती माती गेली तर फोटोत उरलं काय?

लिहिताना

मजकूर जमला की लिहायची भीती वाटते. मी एक नियम केला: जे विशेषण मी कधी फलकावर टाकलंय, ते इथे येणार नाही. त्या जागी काय घडलं ते लिहायचं. वाक्यं छोटी झाली, आणि अण्णा दिसायला लागले.

नातवंडांसाठी खेळ समजावून सांगा. माझ्या भाचीला कबड्डी म्हणजे टीव्हीवरचे दिवे आणि तीस सेकंदांचं घड्याळ. म्हणून मी एका पानावर मैदान काढलं: १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, मध्यरेषा, निदान रेषा (चढाई करणाऱ्याने ओलांडायची ती), सात गडी, लोण चढला, म्हणजे समोरचे सगळे गडी बाद झाले, की दोन गुण, आणि डाव्या कोपऱ्यात एक ठिपका. समोरच्या पानावर पेठेचा हाताने काढलेला नकाशा, त्यात एकोणीस अर्जांच्या एकोणीस जागा. शाळेतल्या मुलांना सर्वांत जास्त हीच दोन पानं आवडली. भाची तो नकाशा घेऊन प्रत्येक जागी जाऊन आली. तेरा गोष्टी अजून जागेवर आहेत.

घरातलं आयुष्य विसरू नका. बाहेरच्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टींत अण्णा कायम बाहेरच असतात. मी बहिणींना विचारलं तेव्हा वेण्या निघाल्या. पहिल्या गाडीची ड्युटी नसेल त्या दिवशी सकाळी आमच्या तिघींच्या वेण्या अण्णा घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. संध्याकाळपर्यंत एक केस सुटत नसे. रात्री उशिरा आले की चपला हातात घेऊन आत यायचे. चिपळूणची ड्युटी असली की कुंभार्ली घाट चढून परत येताना कोकणातले फणसाचे गरे आणायचे, आणि डब्याच्या झाकणावर आमच्या नावांचे तीन कागद.

आणि जे दुखलं तेही. अण्णा एका मित्राला जामीन राहिले होते. मित्राने कर्ज फेडलं नाही, हप्ता अण्णांच्या पगारातून कापला जाऊ लागला, आणि आईच्या पाटल्या गेल्या. हे लिहावं की नाही, यावर मी महिनाभर अडले. शेवटी कच्चं पान आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिही. त्यांचं नाव नको, त्यांची पोरं चांगली आहेत. पण हेही लिही, की मी दोन महिने ह्यांच्याशी बोलले नव्हते." पुस्तिकेतलं ते पान आईचं आहे, तिच्याच शब्दांत. असा मजकूर ज्याच्यावर बेतला त्याला छापायच्या आधी वाचून दाखवा आणि तो म्हणेल तेवढाच ठेवा. दुसऱ्यांचे आजार, भांडणं, फोन नंबर आत जाऊ देऊ नका.

छपाई

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. माझ्या जुन्या संगणकातल्या, पूर्वीच्या फाँटमधल्या फाईली आज उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हं येतात. तुमच्या नातवाने वीस वर्षांनी आजोबांचं नाव शोधलं तर ते सापडलं पाहिजे. आकार ए-फाईव्ह, म्हणजे ए-फोर कागद मध्ये दुमडून. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, सोळाच्या पटीत बसली तर प्रेसला सोयीचं. अठ्ठेचाळीस पानांना मधोमध दोन पिना पुरतात. आत मॅपलिथो कागद घ्या, चकचकीत आर्ट पेपरवर म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नाही. अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान नको. मुद्रितं दोन जणांनी वाचावीत, त्यातला एक घराबाहेरचा, कारण घरच्यांना चुकलेलं नावही बरोबरच दिसतं. छापायला देण्याआधी नमुन्याची एक प्रत कागदावर काढून पाहा. पडद्यावर सगळंच छान दिसतं.

प्रती मोजताना वहीतली नावं मोजा. ज्याने गोष्ट दिली त्याला प्रत, स्वतः जाऊन. गावच्या वाचनालयाला दोन आणि त्यांच्या शाळेला एक द्या.

आणि शेवटी दोन पानं कोरी सोडा, फक्त रेघा मारून. प्रेसवाले म्हणतात वाया जातात. मी सोडली. वर्षश्राद्धानंतर तीन आठवड्यांनी डोंबिवलीहून एका आजोबांनी त्यातल्या एका पानाचा फोटो मुलाकडून पाठवला. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "एकोणसत्तरच्या त्या घागरीच्या मॅचला माझा गुडघा सुजला होता. तुझे वडील त्या दिवशी उजव्या कोपऱ्याला खेळले, माझ्या जागी. फोटोतला खाली बसलेला मी." बाराव्या रेघेवर आता त्यांचं नाव आहे, आणि मैदानाच्या नकाशात उजवीकडे दुसरा ठिपका.